पुरीम म्हणजे ज्यूंची होळी का? जरा सविस्तर सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलीच्या वर्गातली मैत्रीण बेने इस्रायली (म्हणजे आपल्याकडची मराठी बोलणारी ज्यू) आहे, तिच्या घरून पुरीमचं आमंत्रण आलंय, आदल्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की "अहो ती ज्यूंची होळी असते", तर ते खरं का, तिथे नक्की करतात काय, घालायचं काय आणि न्यायचं काय. मी आमच्या सिनेगॉगमध्ये पुरीमला मगिला, म्हणजे बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक, वाचतो, बऱ्याच वर्षांपासून वाचतोय, आणि दरवर्षी कुणी ना कुणी पाहुणा हेच विचारतो, म्हणून एकदाच नीट लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. बाहेरून बघणाऱ्याला पुरीम म्हणजे निव्वळ धिंगाणा वाटतो, मुखवटे, आरडाओरडा, दारू, गोडधोड. पण आमच्याकडे ह्या धिंगाण्यालाही शास्त्र आहे, कधी ओरडायचं, कधी गप्प बसायचं, किती जणांना द्यायचं, दिवसा द्यायचं की रात्री, सगळं ठरलेलं. आणि दिवसभरात जी चार कामं करायलाच लागतात त्यातली दोन तर स्वतःच्या मजेची नाहीतच, दुसऱ्याच्या घरात आज काय शिजलंय ह्याची चौकशी करणारी आहेत.

आधी गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर संध्याकाळी काहीच कळणार नाही. इराणचा बादशहा अहश्वेरोश, राज्य केवढं तर हिंदुस्थानापासून कूशपर्यंत म्हणजे इथिओपियाच्या बाजूपर्यंत, 127 प्रांत. हो, हिंदुस्थानचं नाव पहिल्याच ओळीत येतं, हिब्रूत 'होदू', आणि मी ती ओळ वाचली की आमच्याकडची पोरं एकमेकांना कोपर मारतात. ह्या बादशहानं सरदारांना 180 दिवस मेजवानी दिली, त्यावर पोट भरलं नाही म्हणून शूशन शहरातल्या सगळ्यांना आणखी 7 दिवस दिली, आणि सातव्या दिवशी चढलेली असताना हुकूम सोडला की राणी वश्तीला मुकुट घालून आणा, लोकांना तिचं रूप दाखवायचंय. वश्ती म्हणाली, येत नाही. झालं, दरबारातल्या शहाण्यांना घाम फुटला की उद्या घराघरातल्या बायका नवऱ्यांना असंच उत्तर देतील, आणि राणीला काढून टाकलं. आमच्या बायकांना हा भाग फार आवडतो, गॅलरीतून दरवर्षी काहीतरी कॉमेंट येतेच.

मग नवी राणी शोधायला राज्यभरातून मुली आणल्या त्यात एस्तेर. आईबाप नसलेली, चुलतभाऊ मर्दखय ह्यानं वाढवलेली, आणि त्यानं तिला बजावलेलं की आपण यहुदी आहोत हे कुणाला सांगू नकोस. ती राणी झाली. इकडे राजवाड्याच्या दारात बसणाऱ्या मर्दखयाला दोन नोकरांचा बादशहाला मारण्याचा कट कळला, त्यानं तो एस्तेरकरवी कळवला, दप्तरात नोंद झाली आणि सगळे विसरून गेले. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

त्यानंतर हामान वजीर झाला. सगळ्यांनी त्याच्यापुढे वाकायचं असा हुकूम, मर्दखय वाकेना. एका माणसाचा राग हामाननं अख्ख्या जमातीवर काढायचं ठरवलं, दिवस कुठला ते चिठ्ठ्या टाकून काढलं (ह्या चिठ्ठ्यांना पूर म्हणायचे, त्यावरून सणाचं नाव), 13 अदार (अदार हा ज्यू पंचांगातला महिना) हा दिवस निघाला, आणि बादशहाला दहा हजार तोळे नाही, दहा हजार किक्कार (जुन्या काळचं फार मोठं वजन) चांदी भरतो म्हणून सांगितलं. बादशहानं काही न विचारता हातातली अंगठी काढून दिली. मला वाचताना सगळ्यात जास्त भीती ह्या ओळीची वाटते, हामानपेक्षा जास्त. हामान निदान ठरवून वाईट आहे, हा माणूस नुसता लक्ष देत नाहीये.

मर्दखयानं एस्तेरला निरोप पाठवला की बादशहाकडे जा. न बोलावता गेलं तर मरण, त्यानं सोन्याचा राजदंड पुढे केला तरच वाचायचं. तिनं शहरातल्या सगळ्या यहुद्यांना तीन दिवस कडक उपास करायला सांगितला, स्वतः केला, आणि म्हणाली मेले तर मेले, पण जाते. गेली, राजदंड पुढे आला. तिनं लगेच काही मागितलं नाही, बादशहा आणि हामान दोघांना जेवायला बोलावलं, आणि त्या जेवणात म्हणाली की उद्या परत या, मग सांगते. मधल्या रात्री बादशहाला झोप लागेना, दप्तर वाचून घेतलं, त्यात ती जुनी नोंद निघाली. तेवढ्यात मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायला हामान हजर, तर बादशहाच त्याला विचारतो की ज्या माणसाचा मला मान करायचाय त्याचं काय करू? हामानला वाटलं आपलाच नंबर, त्यानं बादशाही पोशाख, बादशाही घोडा, गावभर मिरवणूक असं भरघोस सांगितलं. बादशहा म्हणाला छान, आता हे सगळं मर्दखयासाठी तू स्वतः कर. इथे आमच्याकडे टाळ्या पडतात.

दुसऱ्या जेवणात एस्तेरनं तोंड उघडलं, मी यहुदी आहे आणि माझ्या लोकांना मारायला निघालेला माणूस हा इथे बसलाय. हामाननं मर्दखयासाठी 50 हात उंच, म्हणजे साधारण 75 फूट, फाशीचा खांब उभारला होता त्यावर तोच लटकला. पण पहिला हुकूम बादशहालाही मागे घेता येत नव्हता, म्हणून दुसरा निघाला की यहुद्यांनी त्या दिवशी स्वतःचा बचाव करावा. 13 ला लढाई झाली, 14 ला विसावा, आणि 14 अदार हाच पुरीम.

ह्या सगळ्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. बादशहा मात्र पानोपानी आहे. समुद्र दुभंगत नाही, आकाशातून आवाज येत नाही, एका माणसाला झोप लागत नाही आणि एक बाई दार ओलांडून जाते, एवढंच. माझ्या मते म्हणूनच ही गोष्ट परदेशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या ज्यूंना इतकी जवळची वाटत आली.

खरं घडलं का, हेही लोक विचारतात. अहश्वेरोश म्हणजे इराणचा क्षयार्ष पहिला, ज्याला ग्रीक झर्क्सीस म्हणतात, इसवी सन पूर्व 486 ते 465, असं बरेच अभ्यासक धरतात, पण एस्तेरच्या गोष्टीला बाहेरचा पुरावा मिळालेला नाही आणि डेड सी स्क्रोल्सच्या (मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन ज्यू गुंडाळ्यांच्या) ढिगाऱ्यात ह्या पुस्तकाचा तुकडाही सापडला नाही. बरेच इतिहासकार तिला कथा म्हणूनच वाचतात. दुसरीकडे इराणमध्ये हमदान शहरात एस्तेर आणि मर्दखयाची कबर म्हणून दाखवतात आणि तिथले ज्यू शेकडो वर्षं तिथे जात आलेत. मी वाचणारा माणूस आहे, मला दोन्हीचं ओझं होत नाही.

आता होळीचं. आमच्या जुन्या लोकांनी खरंच ह्या सणाला 'होळीचा सण' असंच म्हटलंय. कोकणात, अलिबागच्या आसपासच्या गावांत, तेल काढणारे 'शनिवार तेली' म्हणून बेने इस्रायली राहत होते तेव्हा सगळ्याच सणांना मराठी नावं होती, रोश हशानाला (नववर्ष) नव्याचा सण, योम किप्पुरला (प्रायश्चित्ताचा दिवस) दारफळणीचा सण, तिशा बआवला (मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस) बिरड्याचा सण, आणि पुरीमला होळीचा. (हनुक्का हा दिव्यांचा सण ह्या जुन्या यादीत नाहीच, तो आमच्याकडे नंतर आला, त्यावरून अभ्यासकांचे बरेच वाद आहेत, ते इथे नको.) नाव पडायचं कारण सोपं, दोन्ही एकाच चंद्रावर येतात. ज्यू महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपला मराठी महिनाही तसाच, त्यामुळे अदारची चौदावी आणि फाल्गुन पौर्णिमा जवळजवळ येतात. 2025 मध्ये 13 मार्चला संध्याकाळी आपल्याकडे होळ्या पेटल्या आणि त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला, रस्त्यावर एक आवाज आणि आत दुसरा, मला घसा ताणून वाचायला लागलं. पण दरवर्षी असं होत नाही. आपला अधिक महिना वेगवेगळ्या महिन्यांना लागू शकतो, ज्यू पंचांगात 19 वर्षांत 7 वेळा लागतो पण लागतो तो अदारच, म्हणजे त्या वर्षी दोन अदार आणि पुरीम दुसऱ्या अदारात. दोन्ही पंचांगांचे जास्तीचे महिने एकाच वेळी पडले नाहीत की सण महिनाभर लांब जातात, 2021 ला पुरीम 26 फेब्रुवारीला झाला आणि होळी 28 मार्चला.

म्हणजे रंग, राख, होलिका ह्याचा पुरीमशी काही संबंध नाही. पण गंमत अशी की जाळण्याची रीत ज्यूंकडेही होती, आणि ती हिंदुस्थानातून गेलेली नाही. जुन्या काळी बऱ्याच ठिकाणी हामानचा पुतळा करून जाळायचे, मुलं आगीवरून उड्या मारायची. रोमन सम्राट थिओडोसियस दुसरा ह्यानं इसवी सन 408 मध्ये कायदाच काढला की पुरीमला ज्यूंनी हामान जाळायचा नाही, कारण सरकारला वाटलं ते त्या आडून ख्रिस्ती क्रुसाची टिंगल करतात. आता ही रीत जवळजवळ गेली. त्यामुळे कुणी "ज्यूंची होळी" म्हटलं तर मी भांडत बसत नाही, आमच्या आज्यापणज्याच म्हणायच्या, फक्त रंग घेऊन येऊ नका एवढंच सांगतो.

आता संध्याकाळी काय होतं ते. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून मगिला एकदा रात्री आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी अशी दोनदा वाचायची. मगिला म्हणजे कातड्यावर शाईनं हातानं लिहिलेली गुंडाळी, छापील पुस्तकातून वाचलेलं चालत नाही, आणि मला अख्खी पाठ असली तरी बघूनच वाचायची. सुरुवातीला ती गुंडाळी उलगडून पत्रासारख्या घड्या घालतात, कारण एस्तेर आणि मर्दखयानं गावोगाव पाठवलेलं हे पत्रच आहे. आधी आशीर्वाद म्हणायचे, मग 10 अध्याय सलग, साधारण पाऊण तास धरा. पुरुषांनी जितकं ऐकायलाच पाहिजे तितकंच बायकांनीही, तलमुदमध्ये (ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात) कारण स्पष्ट दिलंय की त्या चमत्कारात त्याही होत्या. एरवी वेळेला बांधलेल्या बऱ्याच विधींतून बायकांना सूट असते, इथे नाही. ठरलेल्या चार ओळी सगळी सभा आधी मोठ्यानं म्हणते आणि मग मी म्हणतो, तेव्हा दचकू नका.

आणि हामानचं नाव आलं की कल्ला. नाव पन्नासहून जास्त वेळा येतं, म्हणजे तेवढ्या वेळा पाय आपटणं, खुळखुळे, डबे, शिट्ट्या. ह्याचं मूळ असं की मुलं लाकडावर किंवा दगडावर हामानचं नाव किंवा चित्र काढून ते एकमेकांवर आपटायची, पार पुसलं जाईपर्यंत, सोळाव्या शतकातल्या पोलंडमधल्या क्राकावच्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) मोशे इसर्लेस ह्यांनी हे लिहून ठेवलंय आणि वर असंही म्हटलंय की कुठलीही रीत टाकून देऊ नये, उगाच पडलेली नसते. काही लोक चपलेच्या तळाला नाव लिहून घासतात.

पण नियम असा की ऐकणाऱ्याला मगिलातला प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे, एकही सुटून चालत नाही. आता एकीकडे पन्नास वेळा दणादण आणि दुसरीकडे एक शब्द सुटता कामा नये, ह्या दोन्हीची मोट बांधायची ती वाचणाऱ्यानं. माझी पद्धत सांगतो, नवीन वाचणाऱ्या पोरांनाही हीच शिकवतो. हामान म्हटलं की थांबायचं, गुंडाळीवरचं बोट हलवायचं नाही, डोळे वर करून पोरांच्या बाकाकडे बघायचं, आणि आवाज उतरायला लागला की हात वर. हात वर म्हणजे गप्प. पूर्ण शांत झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही, आणि शंका आली की ती ओळ परत. कानानं कमी ऐकणाऱ्या वयस्कर मंडळींना मी मुद्दाम समोर बसवतो. वाचणं सुरू व्हायच्या आधी पोरांशी दोन मिनिटं बोलून घेतलं की अर्धं काम झालं, त्यांना सांगायचं की ओरडणं हे तुमचं काम आहे आणि थांबणंही तुमचंच. मोठी माणसं जास्त त्रास देतात, खास करून मागे उभं राहून गप्पा मारणारे, त्यांच्यासाठी हात वर करून उपयोग नसतो.

नवव्या अध्यायात हामानच्या दहा मुलांची नावं येतात, परशंदाथा, दल्फोन, अस्पाथा असं करत शेवटी वायजाथा, ती सगळी एका श्वासात म्हणायची असतात. गुंडाळीत ती दोन रांगांत वेगळी लिहिलेली असतात, लांबूनही ओळखू येतात. ह्याचा सराव मी पुरीमच्या आधी काही आठवडे सुरू करतो, जिना चढून आल्या आल्या म्हणून बघतो, दम लागलेला असताना जमलं तर त्या दिवशी जमणारच.

ह्याच अध्यायाबद्दल जरा गंभीर बोलायला पाहिजे, कारण समजदार पाहुणे हळूच विचारतात. तिथे यहुद्यांनी 75,000 शत्रू मारले असं लिहिलंय. हो, लिहिलंय. त्याचबरोबर तीनदा असंही लिहिलंय की परवानगी असूनही लुटीला हात लावला नाही. काही रब्बी ह्याला बचाव म्हणतात, काही जण ह्याला उलटापालटीच्या गोष्टीतली अतिशयोक्ती म्हणतात. पण 1994 साली पुरीमच्या दिवशी हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत एका ज्यू माथेफिरूनं नमाज पढणाऱ्या 29 माणसांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून हा अध्याय नुसता हसत वाचता येत नाही, निदान मला. मी तो भाग आवाज न चढवता वाचतो आणि तिथे पोरांना खुळखुळे वाजवायला उत्तेजन देत नाही. काहींना हे आवडत नाही, असो.

आता दिवसाची कामं. सकाळी परत मगिला झाली की मग गरिबांना द्यायचं. निदान दोन गरजू माणसांना, प्रत्येकाला एक तरी गोष्ट, पैसे किंवा खाणं, आणि ते पुरीमच्या दिवशीच हातात पडलं पाहिजे, महिन्याभरानं ट्रस्टच्या खात्यातून नाही. त्या दिवशी हात पुढे करेल त्याला द्यायचं, तू खरंच गरीब आहेस का ही चौकशी नाही. आणि जो स्वतः दुसऱ्यांच्या मदतीवर जगतो त्यालाही हे लागू आहे, त्यानंही दोघांना काहीतरी द्यायचंच. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे थोर ज्यू विद्वान रंबाम म्हणजे मैमोनिदेस ह्यांनी सरळ लिहून ठेवलंय की जेवणावर आणि डब्यांवर जास्त खर्च करण्यापेक्षा गरिबांना देण्यावर जास्त करावा, कारण गरीब, अनाथ, विधवा, परके ह्यांचं मन आनंदी करण्याएवढा मोठा आनंद नाही. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक रिबिनी लावलेल्या बास्केटवर हजारो घालवतात आणि पेटीत शंभराची नोट टाकतात, माझं बोलणं काही लोकांना लागतं, लागू दे.

बास्केट म्हणजे तिसरं काम, खाण्याचे डबे पाठवणं. निदान एका माणसाला, निदान दोन प्रकार, आणि ते तसेच उघडून खाता येतील असे पाहिजेत, कच्चे तांदूळ डाळ नाही. आमच्याकडे आजही काही घरांतून ताटावर रुमाल टाकून पोरांच्या हाती जातं, नारळाची वडी, करंज्या, केळी, सफरचंद असं काय काय, आणि पोरं जातात ती तिकडचं ताट घेऊनच परत येतात. तलमुदमध्ये एक छोटी नोंद आहे ती मला फार आवडते, दोन विद्वान इतके गरीब होते की पाठवायला जास्तीचं काही नव्हतं, म्हणून दोघांनी आपापली जेवणं अदलाबदल करून पाठवली. हिशेबात दोघांकडे तेवढंच राहिलं, पण दोघांनीही दुसऱ्यासाठी वाढलेलं होतं. परदेशातले ज्यू ह्या दिवशी त्रिकोणी बिस्किटं करतात, आत खसखशीचं किंवा जॅमचं सारण, त्याला हामानचे कान म्हणतात, आता मुंबईतही काही जणी यूट्यूब बघून करतात. डबा कुणाला पाठवायचा ह्यावर माझं मत असं की ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे त्याला आधी. हा काही नियम नाही, पण ताट घेऊन आलेल्या पोराला कुणी दारातून परत पाठवत नाही.

चौथं काम दुपारचं जेवण, तुम्हाला बोलावलंय ते हेच. दिवसाच करायचं, रात्रीचं धरत नाहीत. आमच्या बऱ्याच घरांत त्या दिवशी पुरणपोळी असते, होळीचा सण म्हटल्यावर ती येणारच. फक्त एक लक्षात ठेवा, कोशेर, म्हणजे आमच्या खाण्याच्या धार्मिक, नियमानं मांस आणि दूध एकत्र येत नाही, त्यामुळे मटण असेल तर पोळीवर साजूक तूप मिळणार नाही, मागू नका, नारळाचं दूध पुढे येईल. आमच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाचं एवढं राज्य आहे ते बरंचसं ह्याच कारणानं, रस्सा त्यात, हलवा त्यात.

आता दारूबद्दल. तलमुदमध्ये रवा नावाच्या विद्वानाचं म्हणणं आहे की पुरीमला इतकी प्यावी की 'हामानला शाप' आणि 'मर्दखयाला आशीर्वाद' ह्यातला फरक कळेनासा व्हावा. लोक इथपर्यंतच वाचतात. लगेच खाली गोष्ट आहे, रब्बा आणि रब्बी झेरा पुरीमला एकत्र जेवायला बसले, प्याले, आणि नशेत रब्बानं रब्बी झेराचा गळाच कापला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर प्रार्थना करून त्याला जिवंत केलं. पुढच्या वर्षी परत बोलावलं तर रब्बी झेरा म्हणाला, प्रत्येक वेळी चमत्कार होतोच असं नाही. नंतरच्या बऱ्याच रब्बींनी तोडगा काढला की नेहमीपेक्षा थोडी जास्त घ्या आणि झोपून जा, झोपेत कुठलाच फरक कळत नाही. आमच्याकडे पूर्वीपासून काळ्या मनुकांचा शरबत आहे, किद्दूशलाही (सणावारी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला) तोच, त्यानं काही चढत नाही आणि पोरांनाही देता येतो. तुम्ही घेत नसाल तर कुणी आग्रह करणार नाही, केला तर रब्बी झेराचं नाव सांगा.

वेश बदलण्याची रीत तुलनेनं नवी. ती इटलीतल्या ज्यूंकडून पसरली असं मानतात, तिथल्या कार्निव्हलच्या सोबतीनं. पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीतले रब्बी यहुदा मिंत्स ह्यांना प्रश्न गेला होता की पुरीमला पुरुष बायकांचे आणि बायका पुरुषांचे कपडे घालतात ते चालतं का, त्यांनी मजेसाठी म्हणून चालवून घेतलं, बऱ्याच जणांनी नंतर नाकं मुरडली. इस्रायलमध्ये तर ह्याचा पार महोत्सव झालाय, तेल अवीवमध्ये 1912 पासून मिरवणुका निघायला लागल्या. दिमोना, अश्दोद, लोद ह्या गावांत स्थायिक झालेले आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत, तिथून व्हिडिओ येतात, नऊवारी नेसलेली छोटी एस्तेर राणी त्यात हमखास असते. आमच्याकडे संध्याकाळी पोरांची फॅन्सी ड्रेस असते, राण्या डझनभर येतात, हामान व्हायला कुणी तयार नसतं, शेवटी कुणाच्या तरी काकाला करावं लागतं.

जेरुसलेममध्ये मात्र पुरीम एक दिवस उशिरा, 15 अदारला, कारण शूशन शहरात लढाई एक दिवस जास्त चालली होती आणि विसावा 15 ला मिळाला, म्हणून जुन्या तटबंदीच्या शहरांत पंधरावी धरतात. शिवाय जिथे जिथे ज्यू एखाद्या संकटातून वाचले तिथे त्यांनी स्वतःचा छोटा पुरीम सुरू केला. कैरोत 1524 ला अहमद पाशा नावाच्या बंडखोर सुभेदारानं तिथल्या ज्यूंना मारायची धमकी दिली आणि त्याआधी तोच मारला गेला, त्यांनी 28 अदार पाळायला सुरुवात केली. फ्रँकफर्टमध्ये 1614 ला फेटमिल्ख नावाच्या बेकरीवाल्यानं जमाव घेऊन ज्यू वस्ती लुटली, 1616 ला त्याला मृत्युदंड झाला आणि ज्यूंना मानानं परत आणलं, त्यांचा पुरीम 20 अदारला. गाव बदलतं, हामानचं नाव बदलतं.

आता तुमच्या कामाचं. 2027 चा पुरीम सोमवार 22 मार्चच्या संध्याकाळी सुरू होऊन मंगळवारी 23 मार्चला संध्याकाळी संपतो. सिनेगॉगमध्ये येताना फोटो असलेलं ओळखपत्र घ्या आणि सगळ्यांची नावं यजमानांना आधी कळवून ठेवा, 2008 च्या हल्ल्यानंतर दारावर बंदोबस्त असतो आणि नाव नसेल तर उगाच खोळंबा होतो. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर दारात मिळते, बायकांना साडी किंवा सलवार कमीज उत्तम. बऱ्याच ठिकाणी बायकांची बसायची जागा वर गॅलरीत असते. मुलीला जे व्हायचं असेल ते बनवून आणा, परी, झाशीची राणी, स्पायडरमॅन, काहीही चालतं, खेळातली बंदूक तेवढी नको, पोलीस बाहेर उभे असतात. खुळखुळा जरूर द्या हातात. फोटोला त्या दिवशी धार्मिक अडचण नाही, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) नसतो, तरी वाचन चालू असताना काढू नका आणि आधी विचारा.

जेवायला येताना फळं किंवा फुलं आणा. घरी केलेलं किंवा मिठाईच्या दुकानातलं आणलंत तर यजमान घेतील हसून, पण कोशेर आहे की नाही ह्या शंकेनं त्यांना खाता येणार नाही, आणि तुम्हालाही वाईट वाटेल. भेटल्यावर "पुरीम सामेआख" म्हणा, सगळे खूश होतात. आणि वाचनानंतर गरिबांसाठीची पेटी फिरली तर तुमच्याकडून काही अपेक्षा नाही, पण टाकावंसं वाटलं तर टाका, ते त्याच दिवशी वाटलं जातं.

एक राहिलंच, 13 अदारला एस्तेरचा उपास असतो, पहाटेपासून रात्र पडेपर्यंत, पाणीसुद्धा नाही. म्हणजे सोमवारी संध्याकाळी तुम्ही सिनेगॉगच्या दारात पोचाल तेव्हा यजमान दिवसभराचे उपाशी असतील, त्यांना कोपऱ्यावर कटिंग घेऊ या का असं विचारू नका, मगिला संपली की ते स्वतःच तुम्हाला सगळ्यात आधी खाण्याच्या टेबलाकडे ओढून नेतील.